गिअर बदलायचा दिवा

दुकानासमोर कोणाचीही गाडी सुरू ठेवून उभी असली, की काकाजी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि जरा वेळाने म्हणायचे, "बोलून राहिली बा गाडी. ऐकणारा पाहिजे." मग निदान सांगायचे. बेल्ट सैल आहे, नाहीतर बेअरिंग गेलं. निम्म्या वेळा ते साफ चुकायचे. चूक दाखवली तर त्यांचं उत्तर तयार असे, "मंग गाडीच खोटी बोलली."

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. काही काम नसताना अशा दुकानाच्या बाकावर येऊन बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकाजी सालेकसाकडच्या एका गावचे. घरी धानाची शेती, आणि दारात एक जुनी डिझेल जीप. गावातलं कोणी आजारी पडलं, कोणाची सून बाळंतपणाला निघाली, की जीप गोंदियाच्या दवाखान्यात. कचारगडच्या यात्रेत तर तिला उसंत नसे. पेशंट आत गेला, की काकाजी माझ्याकडे येऊन चहा पीत बसत. जीपच्या स्पीडचा काटा कधीचाच मेला होता. मी दुरुस्त करून देतो म्हटलं, तर म्हणाले, "कायले? मले काट्याची काय गरज?"

ते खरंच होतं. ते कानाने गाडी चालवत. इंजिनाचा आवाज एका पट्टीला आला, की त्यांचा हात आपोआप गिअरवर जाई.

त्यांचे कान जाऊ लागले, तेव्हा आम्ही आधी हसलोच. मी फ्यूज म्हटलं, की ते भुईमुगाच्या भावावर बोलत. मग एके दिवशी मुख्य रस्त्यापासून दुकानापर्यंत जीप दुसऱ्याच गिअरमध्ये आली. इंजिन किंचाळत होतं, समोरचा पानठेलेवाला उठून उभा राहिला, आणि काकाजींच्या चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाची शांती होती. त्या दिवशी कोणी हसलं नाही. नागपूरला डॉक्टरला दाखवून झालं होतं. मशीन कानात घातलं, की सगळे आवाज एकमेकांत मिसळतात आणि डोकं भणभणतं, म्हणून ते मशीन कपाटात गेलं.

तरी काही दिवस निभावलं. जुनं इंजिन इतकं हादरायचं, की ऐकू आलं नाही तरी बुडाखालच्या सीटमधून त्यांना कळायचं. पण ते इंजिनही बसलं, आणि मिस्त्रीने त्या जागी दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून चढवलं. ते जास्त ताकदीचं आणि मऊ चालणारं. गावातल्या लोकांनी कौतुक केलं. काकाजी मात्र माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, "हे इंजिन माह्याशी बोलतच नाही. मले एक दिवा लावून दे. गिअर बदलायची वेळ झाली, का लागला पाहिजे." कुठल्यातरी रेसच्या गाडीत असा दिवा त्यांनी मोबाइलवर पाहिला होता.

असा दिवा लावायचा तर आरपीएम स्विच लागतो. इंजिनाचे फेरे ठरवलेल्या आकड्याला पोचले, की तो स्विच आपोआप लागतो आणि दिवा पेटतो. आमच्याकडे तो कोणी मागत नाही. मी नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, "रेसिंग करनी है क्या?" मी नुसतं नाही म्हणालो.

निवडायला फार वाव नव्हता, तरी आम्ही दोघांनी दोन दिवस त्यात घातले. बरेच स्विच पेट्रोल गाडीचे होते. ते ठिणगी पाडणाऱ्या कॉइलवरून फेरे मोजतात, आणि डिझेलला ठिणगीच नसते. आम्हाला बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवरून मोजणारा हवा होता. एकाचा आकडा कारखान्यातूनच ठरून येत होता, तो बाजूला ठेवला. शेवटी एक बारीक स्क्रू फिरवून आकडा बसवता येईल असा स्विच मागवला.

तो आला, जोडला, आणि मग खरा प्रश्न पडला. आकडा कोणता ठेवायचा? मी काकाजींच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, की तुम्ही गिअर कितीवर बदलत होता. त्यांनी हात पसरले. आकडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मिस्त्रीने सांगितलेला आकडा लावून पाहिला, तर दिवा फार उशिरा पेटायचा. इंजिनाच्या पुस्तकातला लावला, तर फार लवकर.

काकीजी सोबत आल्या होत्या. बाकावर बसून सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी चालवा बरं. मी सांगतो."

मी जीप काढली. काकीजी शेजारी, काकाजी मागे. मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो. काकीजी समोरच्या रस्त्याकडे पाहत होत्या, आणि एका क्षणी म्हणाल्या, "आता." मी पुढचा गिअर टाकला. पुन्हा तसंच. "आता." मी थांबून स्क्रू जरासा फिरवायचो, पुन्हा निघायचो. अखेर त्यांचा शब्द आणि दिवा एकदम येऊ लागले. लग्न झाल्यापासून त्या बाजूच्या सीटवर बसून ऐकत आल्या होत्या. काकाजींना हे माहीत नसावं. ते मागून पुढे वाकून कधी दिव्याकडे, कधी बायकोकडे पाहत राहिले.

मग स्टिअरिंगवर ते बसले. दिवा लागला, गिअर पडला. पुन्हा लागला, पुन्हा पडला. जीप लोण्यासारखी चालली होती. काकाजी हसत होते. आणि आमच्या मागे एक टिप्पर सारखा हॉर्न वाजवत होता. मी हाताने खूण केली. त्यांना वाटलं मी शाबासकी देतो आहे. त्यांनीही मान डोलावली.

मला जे जमत होतं ते मी केलं होतं. पुढे फक्त मोठे आरसे बसवून दिले. रायपूरला असलेल्या त्यांच्या मुलीचा फोन आला, की दादा, जीप सुरूच होणार नाही असं काहीतरी करून ठेवा. मी तिला मोठ्या आरशांचं सांगितलं.

पावसाळा संपत आला होता. आमगावच्या पुढे रस्त्याचं काम सुरू होतं आणि गाड्या एकाच बाजूने सोडत होते. काकाजी आणि काकीजी गोंदियाकडे येत होते. मागे ॲम्ब्युलन्स लागली. काकीजींनी त्यांचा दंड हलवला, आरशाकडे बोट दाखवलं, पण काकाजींची नजर दिव्यावर आणि खड्ड्यांवर. आरशात पाहीपर्यंत बराच रस्ता गेला होता. मग त्यांनी जीप कडेच्या चिखलात घातली, ॲम्ब्युलन्स निघून गेली, आणि ते तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते बसने आले. जीपची किल्ली माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "विकून टाक. माह्यामागं कोणाचातरी जीव अडकून होता, ना मले मालूम नाही." मग म्हणाले, "आत कोण होतं, तेवढं पाहा."

मी पाहिलं. दोन-तीन दवाखान्यांत ओळखी काढल्या. त्या दिवशी त्या रस्त्याने किती पेशंट आले असतील, कोण सांगणार? जीप महिनाभरात गेली. मी अधूनमधून त्यांच्या गावी जायचो. मला पाहिलं, की ते नुसती भुवई वर करत. मी नाही अशी मान हलवायचो. मग ते चहा सांगत आणि धानाचं काहीतरी बोलत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं.

परवा काकीजी कुडव्याच्या थांब्यावर भेटल्या. बसला वेळ होता. म्हणाल्या, शेवटी शेवटी ते फार विचारत होते. म्हणून एके दिवशी त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने सांगितलं, बाळंतपणाची बाई होती, वाचली, मुलगी झाली. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग झोपले.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं काकीजी?"

त्यांनी पदर सारखा केला आणि बस येते का ते पाहिलं.

"मले कोठचं कळते बा," त्या म्हणाल्या.