मिठाची साय

मिठाला वास असतो असं सांगितलं की शहरातली माणसं माझ्याकडे दयेनं पाहतात. पिशवीतल्या मिठाला नसेलही. पण चैत्रातल्या दुपारी, वारा पडलेला असताना, मिठागराच्या बांधावर उभं राहिलं की आटत्या पाण्यातून एक कोमट, किंचित उग्र वास वर येतो. तापलेला चिखल, खाडीची शिळी भरती आणि ऊन यांचा मिळून तो झालेला असतो. बांधांनी आखलेल्या चौकोनी वाफ्याला आम्ही कोंडी म्हणतो. त्या कोंडीतल्या पाण्यावर अशा वेळी एक पातळ पापुद्रा धरतो, दुधावर धरते तशी साय. टिटवीचं पाऊल पडलं तरी ती तडकते, आणि तडकल्याचा आवाज पापड मोडल्यासारखा येतो, पण फार लांबच्या घरात कुणी मोडावा तसा.

ही साय मोडावी लागते. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं, रोज, न चुकता. नाही मोडली तर तळाशी मिठाची लादी बसते, ती मग पहारीनंच निघते. मोडली तर दाणा सुटा वाढतो. लहानपणी मला हे फार निर्दय वाटे. इतकं सुंदर काही रोज जमून यावं आणि रोज घरच्याच माणसानं ते मोडावं! निरागसता हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता. तो आमच्या गावात फार उशिरा आला, आणि आला तो एका टेम्पोतून, छत्र्या, दिवे आणि घडीच्या खुर्च्यांबरोबर.

म्हणजे सिनेमावाले आले. उरणच्या बाजूला, खाडीलगत, आमचं छोटंसं मिठागर होतं. वडिलांच्या मागे माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, ते पाहायचा. मी पनवेलला नोकरी करायची आणि रविवारी, सुट्टीला तिकडे जायची. सिनेमाची गोष्ट साधी होती. मिठागर करणाऱ्या बापाची एक मुलगी. बाप तिला वचन देतो की जमीन राहील; एक दिवस ती येऊन पाहते तो बांधावर ट्रक उभे. मुलीच्या कामासाठी त्यांनी शहरातल्या कितीतरी मुली पाहिल्या आणि शेवटी निवडली दादूसची मुलगी तेजू. तेव्हा ती सातवीत होती.

दिग्दर्शक तरुण होता, सज्जन होता, आणि साध्या गोष्टी अवघड करून सांगण्याचं शिक्षण त्यानं बहुधा परदेशात घेतलं होतं. त्यानं तेजूला समोर बसवून सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर त्याला निरागसता संपताना दिसायला हवी आहे. तेजूनं विचारलं, किती वाजता? कारण दुपारी तिला शिकवणी होती. संवाद लिहिणाऱ्यानं दर वाक्यात एक ‘व्हय’ घातला होता. तेजूनं ते सगळे ‘व्हय’ पोह्यातल्या मिरच्यांसारखे वेचून बाजूला काढले आणि आपल्या तोंडचं बोलली. तिचं काम अप्रतिम होत होतं. तिला वाटत होतं ही नुसती गोष्ट आहे.

घरातल्या मोठ्यांना मात्र ठाऊक होतं की ती गोष्ट नाही. कंटेनर ठेवायला जागा हवी असणाऱ्या लोकांना दादूसनं त्याच महिन्यात मिठागराची जमीन द्यायचा शब्द दिला होता. तेजूला सांगायचं कुणी आणि कसं, यावर माजघरात दबक्या आवाजात चर्चा होत आणि दर वेळी ती शूटिंग संपल्यावर बघू, इथे येऊन थांबे. मुलांच्या निरागसतेची आपण जी एवढी राखण करतो, तिच्यात मुलांची सोय किती आणि आपली किती?

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. हातात मीठ घेऊन खोटं बोलायचं नाही. आम्हा भावंडांत भांडण झालं की आई चूल सोडून उठायचीसुद्धा नाही. मिठाचं मडकं पुढे सरकवायची. चिमूट हातात घेऊन बोलायचं, ते खरं. ज्याला बोलता येत नसे त्यानं मीठ खाली ठेवायचं. आणि ठेवलं की संपलं, त्याला पुढे कुणी काही विचारायचं नाही. सुकवलेल्या कोळंबीचे सोडे डब्यातून कमी होत तेव्हा दादूसनं कितीदा तरी निमूटपणे मीठ खाली ठेवलेलं मला आठवतं. एवढं सभ्य न्यायालय मी नंतर पाहिलं नाही. तेजूही याच मडक्यापुढे वाढली होती.

वचनाचा प्रसंग घ्यायचा त्या दिवशी बापाचं काम करणारा नट खाटेवर पडून होता. मिठाच्या कडांनी त्याचे शहरी तळवे फाडले होते. दिग्दर्शकाला संध्याकाळचं ऊन वाया घालवायचं नव्हतं. त्यानं दादूसला नटाचा सदरा चढवला आणि समजावलं की फक्त पाठ आणि हात दिसतील, आवाज नंतर भरू, तुम्ही ‘घेणार’ एवढं म्हणा, नाही तर नुसते एक-दोन-तीन आकडे म्हणा. आणि हातात मूठभर मीठ असू द्या, उन्हात छान चमकेल.

तो ‘छान चमकेल’ म्हणाला तेव्हा मी बांधावर उभी होते. वहिनीनं माझा दंड धरला.

तेजू पुढे आली. पाठ केलेलं वाक्य तिनं हसत विचारलं, “आबा, पुढल्या वरसाला पानी घेनार ना?” खाडीचं पाणी कोंडीत घेणं म्हणजे मिठाचा हंगाम सुरू करणं, पाणी घेणार म्हणजे मिठागर राहणार. दादूसच्या मुठीत मीठ होतं. त्यानं आकडेही म्हटले नाहीत. त्याची पाठ तेवढी हलली, आणि मग मूठ हळूहळू उघडली. मीठ खाली सांडलं.

तेजूनं आधी त्या हाताकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या मिठाकडे. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लिहिता येणार नाही. कॅमेऱ्यानं ते टिपलं आहे, तेवढं पुरे. रडली नाही ती. रिवाजाप्रमाणे तिनं पुढे काही विचारलंही नाही. बांधाला टेकवलेली फळी उचलून ती कोंडीत उतरली आणि त्या दिवसाची साय मोडू लागली. दिग्दर्शकानं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, आणि मग मोठा श्वास सोडून म्हणाला, हे तर लिहूनही सुचलं नसतं. खरंच आहे. ते कुणाला सुचलेलं नव्हतंच.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही पाणी घेतलं नाही. आज तिथे निळ्या-तांबड्या पेट्यांच्या चळती आहेत. दादूस कुणाच्या तरी ट्रकांचा हिशोब बघतो, आणि आम्ही मीठ दुकानातून आणतो. शेवटच्या हंगामाचं मीठ तेवढं वहिनीनं मडक्यात राखून ठेवलं.

सिनेमा मात्र रेंगाळत पूर्ण झाला आणि फिरत फिरत गेल्या वर्षी आमच्या तालुक्याला आला, तेव्हा तेजू कॉलेजात जायला लागली होती. दुपारचा खेळ, व्यासपीठावर समई, शाली, पेटता पेटेना अशी वात. समीक्षकांनी त्या प्रसंगाबद्दल लिहिलेलं एकानं वाचून दाखवलं. मौनाच्या व्याकरणाबद्दल काहीतरी होतं. दादूस, ज्याच्या मौनाला व्याकरण होतं, तो शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मग दिग्दर्शक बोलला. या मुलीच्या बापानं प्रत्यक्षातही तिच्या शिक्षणासाठी आपली भूमी दिली, असं म्हणून त्यानं तेजूकडे हात केला. टाळ्या झाल्या. हे वाक्य त्याचं नव्हतं, आमचंच होतं. जमीन का दिली असं कुणी विचारलं की सगळे नातेवाईक तेच सांगत. मीही सांगत असे, आणि सांगताना माझा आवाजही थोडा भरून येई. तेजू टाळ्या चालू असताना बोटांनी शालीचा काठ उसवत होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आमच्या त्या वाक्याची शाल तिच्या खांद्यांवर आजची नाही, त्या वर्षापासूनच आहे.

दिवेलागणीला घरी आलो. भाकऱ्या टोपलीत पडल्या होत्या, कालवण उतरलं होतं. ताटं वाढायच्या आधी तेजू उठली, फडताळातून ते जुनं मडकं काढून तिनं बापापुढे ठेवलं.

“मिठागर माझ्यासाठी इकलास ना, आबा?”

वहिनी पळी हातात धरून उभीच राहिली. मला वाटलं, हा पुन्हा मीठ खाली ठेवणार, आणि पोर पुन्हा काही विचारणार नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात अशीच लादी होऊन बसणार. दादूसनं मडक्यात हात घातला. चिमूटभर पुरली असती. त्यानं मूठ भरली.

“न्हाय गो,” तो म्हणाला. “मी दमलेलो.”

एवढंच. थोड्या वेळानं त्यानं आणखी सांगितलं की तळव्यांच्या भेगा रात्री झोपू देत नव्हत्या, बापाचं मिठागर बुडवलं असं लोक म्हणतील याची लाज वाटत होती, आणि तिच्या शिक्षणाचं कुणीतरी बोललं ते बरं वाटलं म्हणून त्यानं चालू दिलं. मूठ सगळा वेळ मिटलेलीच होती. इतक्या वर्षांच्या त्या थोर त्यागाचं असं साधं, माणसाएवढं काहीतरी झालं, आणि मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, वाईटच वाटलं. किती सुंदर गोष्ट होती ती!

तेजूला मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती बापाच्या शेजारी पाट ओढून बसली, त्याच्या मुठीकडे पाहून म्हणाली, “आता सोड ती. कालवनात जाल सगला.” तो हसला. मीठ मडक्यात परत गेलं, आणि तिनं त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मी त्या मडक्यात नाक घातलं. वर्षानुवर्षं बंद असूनही वास होता. कोमट, किंचित उग्र. डोळे मिटले तेव्हा कोंडीवरची साय दिसली, आणि तिच्यावरून हलक्या हातानं फिरणारी फळी. लहानपणी मी एकच बाजू पाहत होते. मोडणारा हात घरचा असावा लागतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.