दामूमामाचा चकवा

दामूमामा कुठेही गेला तरी बसायच्या आधी चपला काढायचा आणि त्यांची तोंडं आल्या वाटेकडे करून ठेवायचा. आमच्या अकोल्याच्या घरी त्या दाराकडे बघत असायच्या, लग्नाच्या मांडवात कमानीकडे. एसटीतही तेच. बस वळली की हा सीटखाली वाकून दिशा दुरुस्त करायचा आणि शेजारचा प्रवासी जरा सरकून बसायचा. लहानपणी मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, “मानूस वाट इसरते रे, भाचेबुवा. चपलीले ठाव असते.”

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. दर्यापूरजवळच्या खेड्यात तो वांगी, पालक आणि सांबार लावायचा. सांबार म्हणजे पुण्याची कोथिंबीर. ती ‘कोथिंबीर’ म्हणून मागणाऱ्याला मामा हसायचा. मी अमरावतीला राहायला गेल्यापासून दर गुरुवारी पिशवीभर भाजी घेऊन तो माझ्या खोलीवर यायचा.

भुतांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. पण आवाज खाली नेऊन, डोळे मोठे करून सांगणाऱ्यांतला तो नव्हता. नाल्यावरच्या मुंजाबद्दल तो तलाठ्याच्या बदलीबद्दल बोलावं तसं बोलायचा. “भूत मंजे आपल्या वावराच्या धुऱ्यापलीकडचा शेजारी. ओळख ठेवाची, भांडन नाई कराचं.”

मला या शेजाऱ्यांची गरज पडली ती वेगळ्याच कारणानं. मी आणि माझी मैत्रीण सायली, दोघांनी नोकऱ्या सोडून कॉम्प्युटरवर खेळायचा एक भीतीचा गेम बनवायला घेतला होता. नाव ‘चकवा’. चकवा म्हणजे ओळखीच्या रानात माणसाला गोल गोल फिरवणारं भूत. आमच्या गेममधला माणूस वावरातून गावाकडे निघतो आणि कुठूनही गेला तरी त्याच एका बाभळीपाशी येतो. दीड वर्ष खपून आम्ही तो मित्रांना खेळायला दिला, तर एकजण जांभई देत म्हणाला, छान आहे. सायलीनं घाईघाईत पांढऱ्या साडीतली एक बाई घातली, तेव्हा सगळे हसले. भीतीच्या गेमला लोक हसले की संपलंच.

म्हणून एका रविवारी मी भर दुपारी मामाच्या दारात उभा राहिलो. त्याला तरुणपणी चकवा लागला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती गोष्ट त्यानं कधी पुरती सांगितली नव्हती. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मामानं हात जोडले.

“दिवसा भुताची गोठ सांगतली तं ऐकनाराचा मामा वाट चुकते. तुया मामा कोन? मीच ना? मंग मीच माया पायावर धोंडा पाडून घेऊ काय?”

“मामा, पाचची बस आहे रे मला. एवढ्यानं काय होते?”

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येत होतं आणि ते ओळखूनच मी हट्ट धरला, हे आज कबूल करतो. शेवटी तो उठला, दार लावलं, दोन्ही खिडक्या लावल्या, फटीत पोतं कोंबलं आणि देवापुढचा दिवा लावून आमच्या मध्ये ठेवला. एप्रिलचा महिना, वर टिनाचं छप्पर. “झाली रात,” तो म्हणाला. घामानं न्हात मी ती गोष्ट ऐकली. रेकॉर्डिंगमध्ये मागे कुल्फीवाल्याची घंटा स्पष्ट ऐकू येते.

“वावर माया बापाचं. डोये बांधून फिरलो असतो. त्या दिवशी कापसाच्या पऱ्हाटीत निंगालो, तं बाभूळ. मांगं फिरलो, तं बाभूळ. भुताचं भेव नाई वाटत रे. आपलंच वावर आपल्याले ओळखत नाई, थे भेव असते.”

“मग?”

“मंग काय? पयनारा फसते. म्या चपला काढल्या, आल्या वाटेकडे तोंड केलं, अन बसलो. कान देऊन बसलो. पहाटे गावातली पिठाची चक्की सुरू झाली. पुक-पुक, पुक-पुक. तिकडे गाव. उठलो, चाललो.”

आम्ही पांढऱ्या साडीतली बाई काढून टाकली. पुढच्या गुरुवारी मामाला कॉम्प्युटरसमोर बसवलं, बाणाची बटणं दाखवली. पडद्यावरचा माणूस बाभळीपाशी परत आला आणि मामा त्याच्यावर खेकसला, “अबे, बस ना! काहून पयून राहिला?” मग सायलीकडे वळून, “पोरी, याले बसवाचं बटन कोनतं?”

बसवायचं बटणच नव्हतं. दीड वर्षात आम्हा दोघांनाही ते सुचलं नव्हतं. आम्ही ते केलं. बसलं की तीन मिनिटं काहीच घडणार नाही आणि मग दुरून चक्की वाजेल, असं मी ठरवलं. तीन मिनिटं कोण बसेल, या वादावरून सायली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दिवाळीनंतर मामा मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारू लागला. वय झालं, असं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. एका गुरुवारी सकाळी तो दर्यापूरहून बसमध्ये बसला आणि दुपार झाली तरी खोलीवर पोचला नाही. स्टँडपासून माझी खोली पंधरा मिनिटांची वाट, कित्येक वर्षं पायाखालची. फोन तो वापरतच नव्हता. मी फटफटी काढली. सायलेन्सर फुटलेली माझी ती गाडी अख्ख्या गल्लीला पाठ होती. स्टँड, भाजीबाजार, दवाखाना, पुन्हा स्टँड. आईला फोन केला तर ती रडतच म्हणाली, “दिवसाढवळ्या त्याले गोठ सांगाले लावली ना तू? आता पाय, काय झालं थे.”

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी त्या वाक्यानंतर मी पुन्हा त्याच वाटेनं गाडी दामटली. चौथ्यांदा स्टँडवर आलो आणि गाडी बंद करून तिथेच उभा राहिलो. बाभळीपाशी फिरून फिरून येणारा आता मीच होतो. मामा काही असा पळत सुटला नसणार. तो बसला असणार, आणि जिथे वाट पहिल्यांदा अनोळखी झाली तिथेच.

स्टँडमागे एक चौक आहे. तिथला मोठा कडुनिंब त्याच आठवड्यात रस्त्यासाठी तोडला होता. मामा त्याच कडुनिंबापाशी वळायचा. मी गाडी तिकडे घातली. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला होता, मांडीवर पालकाची पिशवी. चपला समोर काढलेल्या, तोंडं स्टँडकडे. मी जवळ जाऊन खाली बसलो आणि मला रडू आवरेना.

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “काहून रडतं बे? कान देऊन बसलो होतो. चक्की काई वाजली नाई, पन तुई फटफटी वाजली. तीनदा गेली इकडून तिकडून. मनलं, येते आता.”

“मामा, माझ्यामुळे झालं का रे हे?”

“बयताडा, खिडक्या लावल्या होत्या ना आपुन?”

मामा अमरावतीला शेवटचा आला तो पुढच्या उन्हाळ्यात, त्याचा मुलगा त्याला डॉक्टरला दाखवायला घेऊन आला तेव्हा. तोवर तो मला ओळखत नव्हता, साहेब म्हणायचा. गेम पुरा झाला होता. मी त्याला खुर्चीत बसवलं. चपला त्यानं दाराकडे तोंड करून ठेवल्याच. पडद्यावर बाभूळ आली, तसं मी त्याचं बोट धरून बसायचं बटण दाबलं.

तीन मिनिटं तो हलला नाही. सायलीही हलली नाही. मग पऱ्हाटीच्या पलीकडून, अगदी दुरून, आवाज आला. चक्की आम्ही बदलली होती. तिथे आता माझ्या फटफटीचा आवाज होता.

मामा ताठ झाला. पायांनी चाचपत त्यानं चपला घातल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “चालतो साहेब. माया भाचा आला.”