सॅमनचं लायसन्स आणि मलिंगारचा कालवा

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये दुसरा सापडायचा नाही. माझ्या मैत्रिणीचे, अस्मिताचे, बाबा सुपरमार्केटच्या दारात ठेवलेलं फुकटचं बिस्कीटसुद्धा उचलत नाहीत. आधी काउंटरवर जाऊन "मे आय?" विचारतात, तिथली मुलगी हसून "वर्क अवे", म्हणजे घ्या की, म्हणते, तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही म्हणून एखादा साबण विकत घेतात, आणि मग त्या साबणाची पावती हातात धरून बिस्कीट खातात. आमच्या घरात साबण कधीच संपत नाही.

अस्मिता आणि मी मलिंगारमध्ये एकाच घरात राहतो. ती इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. मी घरी बसून एका कंपनीसाठी कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात पत्रकं. माझ्या पत्रकांचा विषय एकच: या देशाला आमचे हात हवेत, आमचा कर हवा, रात्रपाळीला आमचे डॉक्टर हवेत, मग आमचे आईबाप तीन महिन्यांच्या वर का नकोत? अस्मिताची आई गेली, सांगलीत बाबा एकटे उरले. त्यांना कायमचं इकडे आणायचं तर नियमांच्या इतक्या पायऱ्या, की चढता चढता माणूस म्हातारा व्हावा, आणि ते आधीच म्हातारे आहेत. म्हणून दर वर्षी नवा अर्ज, नवा व्हिसा आणि तीन महिने. जाताना विमानतळावर बापलेक एकमेकांशी फक्त बॅगेच्या वजनाबद्दल बोलतात. पुढच्या वर्षी येऊ देतील की नाही, हे दोघांच्याही मनात असतं आणि दोघंही बोलत नाहीत.

हे एकदा कळलं की बाबांच्या सगळ्या तऱ्हांचा उलगडा होतो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते सिग्नलचा हिरवा माणूस उगवेपर्यंत उभे राहतात. मागून एखादी आयरिश आजी कुत्र्यासकट लाल दिव्यात आरामात पलीकडे जाते, तिच्याकडे ते अशा काळजीनं बघतात की जणू आता तिचाच व्हिसा जाणार. मी चिडते. "बाबा, कुणी बघत नाहीये हो!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "पुढारी, तू इथं भांडायला आलीयस. मी पुन्हा यायला आलोय."

पुढारी म्हणजे मी. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीतला पत्रकांचा गठ्ठा बघून त्यांनी हे नाव ठेवलं, आणि गठ्ठ्यातलं वरचं पत्रक वाचून लाल पेनानं दुरुस्त करून परत दिलं. 'तीव्र निषेध' खोडून 'नम्र विनंती'. 'हा निर्लज्ज अन्याय' खोडून 'ही बाब निदर्शनास आणू इच्छितो'. शेवटी 'कळावे' घातलं होतं. माझं वादळ त्यांनी एका फटक्यात पाणीपट्टीच्या अर्जासारखं करून टाकलं.

पाणीपट्टीवरून आठवलं. बाबा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुणाला किती पाणी, कुठल्या चारीतून, किती वेळ, हे ठरवण्यात जन्म गेला. मलिंगारच्या मधून कालवा वाहतो हे कळल्यावर त्यांना माहेर भेटल्यासारखं झालं. पहिल्याच संध्याकाळी हात पाठीमागे बांधून ते काठानं चालत गेले, पाणी अडवणाऱ्या लाकडी दारांपाशी थांबले, वाकून बघितलं, आणि परत आल्यावर गंभीरपणे म्हणाले, "गळती आहे." मग अस्मितानं सांगितलं की या कालव्याचं पाणी शेतीला जात नाही. बाबांचा घास हातातच राहिला. "मग वाहतं कशाला?" "पूर्वी बोटी जायच्या, बाबा. आता लोक काठानं चालतात, मासे धरतात." नुसतंच वाहणारं पाणी त्यांना पटायला दोन दिवस लागले, पण 'मासे धरतात' हे मात्र तिथल्या तिथं पटलं. कृष्णाकाठच्या माणसाला गळ शिकवावा लागत नाही.

आणि इथून ते प्रकरण सुरू झालं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मी सोबत. दुकानदार काउंटरमागे बसून चहा पीत होता. बाबा म्हणाले, "सर, कायंडली इश्यू मी लायसन्स फॉर द कॅनॉल."

"कालव्याला लायसन्स लागत नाही," दुकानदार म्हणाला. "तिथले मासे साधे. ब्रीम, रोच वगैरे. सरकारी लायसन्स फक्त सॅमन आणि सी ट्राउटला. यू आर ग्रँड, काही काळजी नको."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "पाण्यात गळ टाकायचा आणि सरकारला काहीच सांगायचं नाही? आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय?"

"दाखवायला काही नाहीच, कारण काही लागतच नाही!"

"ते इथल्या लोकांना, बाई. परक्या माणसाच्या खिशात कागद पाहिजे." आणि ते पुन्हा दुकानदाराकडे वळले. "सर, देन प्लीज गिव्ह सॅमन लायसन्स."

"पण कालव्यात सॅमन नाही."

"नो प्रॉब्लेम."

आता माझी वेळ होती. परदेशी माणसाला जास्त दर लावत असणार याची मला खात्रीच होती. पत्रकाचं शीर्षकसुद्धा डोक्यात तयार होतं: 'माशालाही कळतो कातडीचा रंग?' मी काउंटरवर हात आपटून विचारलं, "बाहेरच्या देशातल्यांना किती लावता?" दुकानदारानं भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. एका दिवसाचं, तीन आठवड्यांचं, वर्षभराचं एकाच विभागापुरतं, आणि वर्षभराचं सगळ्या देशाचं. रकाने एवढेच. इथला आणि बाहेरचा असा रकानाच नव्हता. "सगळ्यांना सारखंच," तो म्हणाला. "क्लबांच्या पाण्यावर पाहुण्यांचा दर वेगळा असतो कधीकधी. सरकारी लायसन्सला नाही." माझं पत्रक तिथंच बुडालं. बाबांनी मात्र तक्ता दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "नो एक्स्ट्रा फॉर आउटसायडर?" त्यांनी खात्री करून घेतली, आणि बाहेर पडल्यावर फुटपाथवर थांबून मला म्हणाले, "सारखा दर लावलाय बघ. लिहून, भिंतीवर टांगून." नको असलेल्या माशाचं एका दिवसाचं लायसन्स त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवला.

तेव्हापासून बाबा सॅमनचं लायसन्स घेऊन बिनसॅमनच्या कालव्यावर बसतात. आमिष म्हणजे कणीक, हळद आणि चांगला बोटभर हिंग. त्या वासानं मासे येतात की नाही माहीत नाही, पण काठावरचे सगळे म्हातारे आयरिश गळवाले येतात. एकानं आमिषात काय आहे विचारलं, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याला हिंगाची डबी नेऊन दिली. स्वतः फुकट काही घेणार नाहीत, देताना मात्र सांडतील. लागलेला प्रत्येक मासा ते ओल्या हातानं सोडवतात, "जा बाबा, तुझं चुकलं नाही," म्हणतात आणि पाण्यात सोडतात. मग घरी येऊन सुपरमार्केटचा सॅमन सांगलीच्या मसाल्यात तळतात आणि पावती फ्रिजला चिकटवतात.

एका रविवारी आम्ही त्यांना कॅव्हन काउंटीच्या वरच्या अंगाला नेलं, जिथं सरहद्द तळ्याच्या पाण्यातूनच जाते. पलीकडे उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनची हद्द. तिथं कुठल्याही माशाला लायसन्स लागतं आणि वर त्या पाण्याचा वेगळा परवाना, हे ऐकून बाबांना फार आदर वाटला. "तिकडं कारभार व्यवस्थित दिसतो." पण त्यांचा व्हिसा फक्त सरहद्दीच्या अलीकडचा. त्यामुळे एवढ्या मोठ्या तळ्यात त्यांनी गळ टाकला तो पायापासून हातभर लांब. वारा सुटला, गळाचं तरंगणारं बूच तळ्यात आत सरकायला लागलं, तसे बाबा उठून उभे राहिले. "ओढ, ओढ! तिकडं चाललं!" अस्मिता हसून हसून गवतात बसली. मी म्हणाले, "बाबा, खालचे मासे रोज ये-जा करतात, त्यांना विचारतं का कुणी?" बाबा दोरी गुंडाळत म्हणाले, "त्यांची पोरगी इकडं नोकरीला नाही."

अस्मिताचं हसू थांबलं. तिनं त्यांच्या हातातली डबी घेतली आणि कणीक उगाचच पुन्हा मळत बसली.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस पुढच्या उन्हाळ्यात आला, तीन आठवड्यांचं लायसन्स खिशात असताना. कालव्याच्या काठानं मत्स्य खात्याचा एक अधिकारी येत होता, जॅकेटवर बिल्ला, तोंडावर झोप. तो कुणालाच काही विचारत नव्हता, हवापाण्याच्या गप्पा मारत पुढे सरकत होता. तरी मी सावध झाले. आता हा नेमका आम्हालाच विचारणार, आणि मग मी बोलणार, अशी मी वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात बाबा स्वतःच उठले, गळ माझ्या हातात कोंबला, "पुढारी, गप," म्हणाले, आणि शर्ट नीट करत त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. "सर, लायसन्स. कायंडली चेक."

अधिकाऱ्यानं कागद घेतला. वाचला. कालव्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. मला वाटलं, आता हसणार. बाबांची हनुवटी किंचित वर होती, हात शरीराला चिकटलेले. त्या माणसानं काय ओळखलं देव जाणे, पण त्यानं खिशातून चष्मा काढला, तारीख तपासली, नाव तपासलं, पत्ता मोठ्यानं वाचला. अस्मिताच्या घराचा पत्ता, मलिंगार, काउंटी वेस्टमीथ. "ऑल इन ऑर्डर, सर," तो म्हणाला. "थँक यू."

बाबा आठवडाभर जमिनीवर नव्हते. सांगलीला फोन लावून लावून सांगत होते, "तपासणी झाली. सगळं नियमात निघालं." आणि एकदा भांडी पुसताना, माझ्याकडे न बघता: "त्यानं पत्ता वाचला बघ. माझ्या नावापुढं इथला पत्ता."

दर वर्षी ते तक्त्याची एकेक पायरी चढत गेले. पहिल्या वर्षी एका दिवसाचं, पुढल्या वर्षी तीन आठवड्यांचं, मग एका विभागाचं. गेल्या वर्षी निघायला थोडेच दिवस उरलेले असताना त्यांनी वर्षभराचं, सगळ्या देशाचं काढलं. मी भडकले. "शुद्ध उधळपट्टी! न धरायचा मासा, न राहायचं वर्ष!"

बाबा शांतपणे म्हणाले, "बस. तुला तुझ्या कामाचं सांगतो. व्हिसावाल्यांकडं माप एकच, तीन महिने. तू मुलीकडं आलास की मेव्हण्याकडं, एकटा आहेस की जोडीनं, काही नाही. आणि या मासेवाल्यांच्या तक्त्यात बघ. दिवसभर? तीन आठवडे? वर्षभर? माणसाला किती राहायचंय ते विचारतात तरी. इतक्या वर्षांत मला दुसऱ्या कुणी विचारलं नाही. म्हणून सांगितलं, वर्षभर."

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. 'एका सॅमनसाठी चार प्रकारचे परवाने. आईबापांसाठी एकच.' आजवरचं माझं सगळ्यात जास्त वाटलं गेलेलं पत्रक आहे ते. बाबांनी तपासताना खाली फक्त 'कळावे' घातलं. या वेळी मी ते खोडलं नाही.

या वर्षी जानेवारीतच सांगलीहून हुकूम आला, लायसन्स काढून ठेव. सगळ्या देशाचं. अस्मितानं काढलं. सोबत आलेल्या, माशाला लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या कपाटात कपांच्या मागे नीट ठेवल्या. व्हिसाचा अर्जही केला. मार्च गेला, जून गेला. अर्ज विचाराधीन आहे, एवढंच उत्तर. अस्मिता रुग्णालयातून येते, बूट काढायच्या आधी ईमेल बघते, आणि मग बूट काढते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही दोघी बाबांच्या जागेवर जाऊन बसलो. गळ त्यांचा, कणीक त्यांच्या पद्धतीची, हिंग जरा जास्तच झालेला. कालव्याला लायसन्स लागत नाही हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. तरी निघताना अस्मितानं त्यांचं लायसन्स पर्समध्ये घातलं होतं. फोन बाटलीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून बाबा सांगलीच्या व्हरांड्यातून सूचना देत होते. "बूच वर घे. अजून वर. पुढारी, हलू नकोस गं, मासे काय मोर्चाला आलेत व्हय?"

काठानं तोच अधिकारी आला. आमच्यापाशी थांबला, बाबांच्या रिकाम्या घडीच्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "ते गृहस्थ कुठं आहेत या वर्षी?"

माझ्याकडे उत्तराची आख्खी पत्रकं होती. पण मी सुरू करायच्या आधीच अस्मितानं पर्स उघडली आणि लायसन्स त्याच्या हातात दिलं. त्यानं विचारलं नव्हतं. पण त्यानं घेतलं, खिशातून चष्मा काढला, आणि सावकाश वाचलं. नाव. पत्ता. मुदत. मग घडी घालून दोन्ही हातांनी परत दिलं.

"ऑल इन ऑर्डर," तो म्हणाला. "सीझन संपायला अजून वेळ आहे." आणि टोपीला हात लावून पुढे गेला.

फोनमधून आवाज आला. "कोण होतं? साहेब होते ना? काय म्हणाले?"

"म्हणाले, सगळं नियमात आहे, बाबा," अस्मिता म्हणाली. "मुदत आहे अजून."

पलीकडे व्हरांड्यातला पंखा तेवढा फिरत होता. मग बाबांनी घसा खाकरला.

"मग बसलीस काय नुसती? ओढून बघ जरा. कणीक सुटली असंल. नवी लाव."