पोरीचा हात

तापल्या लोखंडावर तेल पडल्याचा वास आला, की जुन्नरच्या आमच्या पडवीतला अब्बांचा शेपर आठवतो. हाताने चाक फिरवून लोखंड रंधायचं ते यंत्र. लोक म्हणतात, अब्बांनी मला ते चालवायची मुभा दिली. मुभा कसली? त्यांचं मनगट मोडलं होतं, दुसरं होतं कोण?

अवसरीचा एक शेतकरी उसाच्या चरकाचा ठोकळा रंधायला घेऊन आला. मला चाकापाशी बघून म्हणाला, "पोरीचा हात लागला तर गूळ बिघडंल."

"मंग पुण्याला न्या, पावणं," अब्बा म्हणाले.

बैलगाडीनं पुणं लांब आणि ऊस तोडून पडलेला. त्यानं ठोकळा खाली ठेवला. मी चाक फिरवत राहिले, गरम कीस पायांवर पडत राहिला.

पंधरवड्यानं त्यानं गुळाची ढेप आणून अब्बांपुढं ठेवली. मी ती उचलून माझ्या पुढ्यात घेतली.