बसवाला सायकल शिकतो

ब्रेक लागल्यावर उभ्या प्रवाशाच्या हातातला चहाही हिंदकळू नये, असा ज्याचा आयुष्यभराचा बाणा, त्या ड्रायव्हरला डेपोत सगळे अलगदराव म्हणत. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांचे खरे नाव घेतले, तेव्हा मागच्या रांगेतल्या कंडक्टरने शेजाऱ्याला विचारले होते, “हे कोण बुवा? आपण तर अलगदरावांसाठी आलो ना?”

निवृत्तीनंतर अलगदराव घरात बसले, पण नीट बसले नाहीत. पेपर वाचतानाही डावा पाय आपोआप खाली दाबला जाई. बायको म्हणे, “अहो, तो क्लच सोडा आता, टेबल हलतंय.” एकाच रस्त्यावर उभे आयुष्य काढलेल्या या माणसाला आता कुठेतरी लांब जायचे होते, आणि नुसते हिंडायला नव्हे, काही कामाला.

त्यांची लेक शाळेत शिक्षिका. मागच्या उन्हाळ्यात ती परदेशातल्या एका अनाथाश्रमात मुलांबरोबर राहून आली होती. यंदा तिला सुट्टी मिळेना, म्हणून तिने वडिलांचे नाव सुचवले. झाले, व्हिडिओ कॉल ठरला. अलगदरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पडद्यावर आश्रमाच्या संचालिकाबाई, त्यांच्या मागे दाटीवाटीने मुले, आणि इकडे बापाच्या शेजारी दुभाषी म्हणून लेक.

बाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणी सायकली देऊन गेले आहे. वर्षभर शेडमध्ये धूळ खात पडल्या आहेत. आम्हा कोणाला येत नाही, मग मुलांना शिकवणार कोण? तुम्ही शिकवाल का?

“चाकं असलेलं काहीही असू दे,” अलगदराव म्हणाले, “माझ्यावर सोडा!”

लेकीने ते सांगताच तिकडे मुलांनी असा काही गिल्ला केला की बाईंचा आवाजच ऐकू येईना. कॉल संपला. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात झारा घेऊन उभी होती.

“अहो, तुम्हाला सायकल कुठे येते?”

लेक खुर्चीतून उठलीच. “काय? बाबा, तुम्हाला सायकल येत नाही?”

“तशी गरज कधी पडली नाही गं. मोठी गाडी होती ना.”

“मला आत्याने शिकवली, तेव्हा मला वाटलं तुम्ही ड्यूटीवर असता म्हणून!”

“मीही तुला तसंच वाटू दिलं,” अलगदराव म्हणाले.

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” बायको म्हणाली आणि झारा घेऊन आत गेली.

लेक मात्र हसली नाही. “बाबा, त्या मुलांना मोठ्या माणसांनी शब्द देऊन फिरवल्याची सवय आहे. येतो म्हणून न येणारी माणसं त्यांनी फार पाहिलीत. जायच्या आधी सायकल आली नाही, तर मी बाईंना स्पष्ट सांगणार. तुमच्या जागी दुसरं कोणी जाईल.”

अलगदरावांचा चेहरा पडला. बॅग तर त्यांनी कालच माळ्यावरून काढून पुसली होती.

दुसऱ्या दिवशी ते थोरल्या बहिणीच्या दारात उभे राहिले. अक्का पोस्टात होती. पत्रांची थैली लावून तिने जन्मभर सायकल हाकली, आणि अजूनही भाजी आणायला सायकलवरच जाई.

“या वयात?” अक्का म्हणाली. “लहानपणी पाया पडत होतास, तेव्हा दिली नाही मी.”

“म्हणूनच आली नाही.”

“दिली असती तर चेन पाडून आणली असतीस. चल, काढ बाहेर.”

घरामागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मेंदीचे कुंपण होते, आणि पडायला ते बरे, असे अक्काचे मत. तिने सीट खाली केली. अलगदराव चढले. आधी त्यांनी डावीकडे वळून पाहिले.

“काय बघतोस?”

“कोणी चढायचं राहिलंय का.”

“मी राहिलेय! मार पायडल!”

पायडल मारले आणि कुंपणात गेले. पुन्हा मारले, समोरच्या कुंपणात गेले. अक्काला शिकवायचे कसे ते सांगता येईना. तिला सायकल येत होती, पण ती कशी येते हे ती कधीच विसरून गेली होती. “बस आणि चालव,” एवढेच तिचे शास्त्र. गल्लीतल्या बायका खिडक्यांत जमल्या. एक म्हणाली, “अक्का, कुंपण छाटायला माणूस लावलात का?”

चार-पाच दिवस हेच चालले. कोपरे सोलले, गुडघा सुजला. रोज संध्याकाळी बायको हळद-तेल लावी आणि चोळताना मुद्दाम जरा जोर करी. “सोडा ना हट्ट,” ती एकदा म्हणाली, पण त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने वाटी खाली ठेवली आणि उलट म्हणाली, “बरं, उद्या जाडी पँट घाला.”

अखेर अक्काच वैतागून ओरडली, “अरे, खाली चाकाकडे काय बघतोस सारखा? पळून जाणार आहे का ते? बसमध्ये कुठे बघायचास?”

“पुढच्या थांब्याकडे.”

“मग तिकडे बघ की, मेल्या!”

अलगदरावांनी मान वर केली. गल्लीच्या टोकाला निळा पत्र्याचा दरवाजा होता, त्यावर नजर लावली. सायकल डगमगली, सावरली, आणि चालू लागली. मागे अक्काच्या चपलांचा आवाज आधी जवळ, मग लांब, मग बंद झाला. “सोडलं केव्हाच!” ती लांबून ओरडली. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

पण दरवाज्यापाशी वळायचे होते. ते वळण ओलांडून पुढे गेले, मग हँडल फिरवले, आणि थेट कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत शिरले.

दर वळणावर हेच. सरळ रस्त्यावर राजा, वळणावर पुन्हा कुंपण. अक्काला कोडे सुटेना. अलगदराव चादर डोक्यावरून काढत कितीतरी वेळ तिथेच बसले, आणि एकाएकी हसू लागले.

“अक्का, बसमध्ये मी पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो. मी कोपऱ्याच्या पार जातो, तेव्हा चाक कोपऱ्यावर येतं, आणि मग वळायचं. इथे चाक माझ्या पुढे आहे! मी अजून बस वळवतोय!”

“इतकी वर्षं पगार घेतलास, तो असा फिटतोय,” अक्का म्हणाली.

मग दर कोपऱ्यावर “चाक पुढे, चाक पुढे” असे पुटपुटत ते वळू लागले. धीर आला तसे मोठ्या रस्त्यावर गेले. मागून त्यांच्याच जुन्या मार्गाची बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले. “ओ अलगदराव! जरा बाजूला घ्या, आम्हाला टाइमटेबल आहे!” त्यांनी दिमाखात हात दाखवला, पुढच्या बसथांब्यावर सायकल सवयीने उभी केली, आणि बाकावरच्या आजीबाई पिशवी घेऊन उठल्या, तेव्हा कुठे त्यांना आपण काय केले ते कळले.

निघायला आठवडा उरला, तेव्हा लेकीने अक्काच्या गल्लीतूनच पुन्हा कॉल लावला. मुलांना त्यांची सायकल पाहायची होती. बायकोने फोन धरला, आणि तिच्या हातात तो असा नाचत होता की तिकडच्या मुलांना अलगदराव उडी मारत चालल्यासारखे दिसले असावेत. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले आणि फोनसमोर अलगद थांबले. तिकडे नुसता जल्लोष.

दाराच्या चौकटीला टेकून एक मोठी मुलगी उभी होती, चौदा-पंधरा वर्षांची. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने हळूच काहीतरी विचारले. लेक म्हणाली, “ती विचारतेय, तुम्ही सायकल कधी शिकलात.”

खोटे सांगायला एक शब्द पुरला असता. लहानपणी. मुलांचा विश्वास राहिला असता, बाईंचाही. अलगदरावांनी हँडल घट्ट धरले.

“सांग तिला. या महिन्यात.”

“अहो!” बायको पुटपुटली. तिकडे बाईंच्या भुवया वर गेल्या. आता बाई म्हणणार, राहू द्या. अलगदरावांनी मान खाली घातली.

पण बोलली ती मुलगीच. ती चौकट सोडून अगदी पडद्यापाशी आली होती. “विचारतेय, किती वेळा पडलात.”

“मोजलं नाही म्हणावं. कुंपणाला विचार.” आणि त्यांनी पँट वर करून गुडघा कॅमेऱ्यापुढे धरला. लहान मुले किंचाळली. मुलगी हसली, आणि तोंडावर हात ठेवून भराभर बोलत सुटली.

“बाबा, तिला शिकायचंय, पण लहानांसमोर पडायची लाज वाटते. सगळे उठायच्या आधी तुम्ही तिला शिकवाल का?”

“पहिली बस मीच काढायचो. पहाट माझीच, म्हणावं.”

आता संचालिकाबाई पुढे वाकल्या आणि दबक्या आवाजात काही बोलल्या. लेकीला हसू आवरेना. “बाई म्हणतात, या. आणि पहाटे त्यांनाही शिकायचंय. पण मुलीनंतर, तिला कळू न देता. मुलगी तिथेच उभी आहे, बाबा, सगळं ऐकतेय!”

कॉल संपला तेव्हा अलगदरावांचे डोळे भरले होते आणि ते घाम पुसायच्या निमित्ताने तोंड पुसत होते. अक्काने त्यांना फार वेळ दिला नाही.

“चालवता येते, म्हणजे शिकवता येते असं नाही,” ती म्हणाली. “मागे धरून पळावं लागतं. पळ बघू कोणाच्या तरी मागे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. अलगदरावांनी सायकल बायकोपुढे धरली.

“वन्सं, मी? छे बाई, काहीतरीच!” बायको म्हणाली. पण फोन तिने लेकीच्या हातात दिला होता, आणि चपला घट्ट करत होती.

“निळ्या दरवाज्याकडे बघ,” अलगदराव म्हणाले. “चाकाकडे बघू नकोस. मी आहे मागे.”

“सोडू नका हं! अहो, शपथ आहे, सोडू नका!”

खिडक्या पुन्हा भरल्या. सायकल डगमगत निघाली. अलगदराव सीट धरून मागे धावत होते, सुजल्या गुडघ्याने लंगडत, आणि ती पुढून सारखी विचारत होती, “धरलंय ना? अहो, धरलंय ना?” धाप इतकी लागली होती की त्यांना हो म्हणताच येत नव्हते.