पडद्याआडून ऐकलेला भीमपलास

ही गोष्ट पूर्ण सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या संगीत शिक्षक संघाच्या कुठल्याही कार्यक्रमात जुन्या माणसाला बोलायला उभं करतात, तसं मला करतात, आणि मी दरवेळी पडद्याची हकीकत सांगतो. लोकांना ती आवडते. पण मी ती अर्ध्यावर संपवतो, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उरलेली अर्धी आता लिहून ठेवतो.

आमचा संघ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा. शाळेत गाणं शिकवणारे काहीजण, घरच्या बैठकीत क्लास घेणारे काहीजण, आणि पेटी-तबल्याची साथ करून दिवस काढणारे उरलेले. पण या लोकांनी जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. आमच्याकडे कॉलेजातली मुलं गायची ती स्नेहसंमेलनात. तिथं नाच, नकला, फार तर एखादं भावगीत. विलंबित ख्याल शिकणाऱ्या मुलानं तो म्हणायचा कुठं? त्याला ऐकणार कोण? म्हणून संघानं कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळ्यात शिबिर आणि हिवाळ्यात स्पर्धा सुरू केली. एक वर्ष नांदेडला, एक वर्ष लातूरला. पहिल्या येणाऱ्याला पुण्यातल्या एका बुजुर्ग गायिकेकडे वर्षभर राहून शिकायला मिळायचं. ती सोय संघातल्याच एकानं ओळखीपाळखीतून, हातापाया पडून मिळवली होती. एका मुलाचं आयुष्य वळायला तेवढं पुरे होतं. अट एकच, स्पर्धक कॉलेजात शिकत असला पाहिजे.

या सगळ्यामागं लातूरच्या एक बाई होत्या. संघाच्या चिटणीस. तंबोरा गोधडीत गुंडाळून एसटीत स्वतःच्या शेजारी बसवणाऱ्या. कंडक्टरनं विचारलं की म्हणायच्या, "आजारी माणूस हाय, धक्का लागू देऊ नका." पडद्याची कल्पना त्यांचीच. परीक्षक म्हणजे आमच्यातलेच शिक्षक, आणि स्पर्धक आमचेच विद्यार्थी. भांडणं ठरलेली. बाईंनी दोन सोलापुरी चादरी एकमेकींना शिवल्या, दोरीवर टाकल्या आणि आम्हा परीक्षकांना मागं बसवलं. मुलगा नुसता नंबरानं यायचा आणि गायचा. त्याच्या गुरूनं हॉलबाहेर बसायचं. परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही. सगळं आटोपल्यावर पडदा काढायचा आणि चहाच्या वेळी ज्याला हवं त्यानं परीक्षकाला येऊन विचारायचं की माझं काय चुकलं. तबलजी आम्हाला चिडवायचा, "आज गुरुजीच घुंगटात." पण त्या चादरींनी आमच्यातली भांडणं संपवली, हे खरं आहे.

आता माझं सांगतो. मी नांदेडला गाणं शिकवायचो. माझी एक खोड होती. बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येताना, सम अगदी जवळ आली की मी किंचित थांबायचो. श्वास सोडावा तेवढंच. मग समेवर अलगद उतरायचं. माझ्या विद्यार्थ्यांनी ती खोड उचलली. बाकीचे हसायचे, "सरांचा थांबा आला, उतरा." मला त्याचा अभिमान होता. तो थांबा ऐकला की मूल माझं, असं कुणीही सांगितलं असतं. मीही.

ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी स्पर्धा लातूरला होती आणि परीक्षकांत मी होतो. राग संघानं आधीच ठरवून दिला होता, भीमपलास. माझी एक विद्यार्थिनी स्पर्धेत होती. तिचा नंबर मला ठाऊक नव्हता. तो ठाऊक नसावा हीच तर व्यवस्था.

दुपारी कुठल्याशा नंबराला एक मुलगी गायला लागली आणि पहिल्याच मुखड्याला तो थांबा आला. हॉलमधला स्पीकर जुना, त्यात मध्ये जाड चादर. आवाजाची जात नीट कळत नव्हती. पण थांबा कळला. मनात म्हटलं, ही माझीच. आणि ती काय गात होती! सम येते आहे, येते आहे, असं वाटत असताना एक क्षण सगळं थांबायचं आणि मग जागच्या जागी बसायचं. मला स्वतःला ते इतकं कधी साधलं नव्हतं.

खरं तर तेव्हा मी फक्त ऐकायला हवं होतं. पण मी विचार करायला लागलो. माझीच विद्यार्थिनी पहिली आली तर लोक म्हणतील, पडदा असून काय उपयोग, थांब्यावरून ओळखलंच की. माझं नाव जाईल, पडद्याचंही जाईल. म्हणून मी तिला कमी गुण दिले. थोडेथोडके नाही, ती पहिली येणार नाही इतके कमी. आणि ते करताना मला आपण फार सरळ माणूस आहोत असं वाटत होतं.

निकाल लागला. पहिल्या नंबराला जी मुलगी पुढं आली, ती माझी विद्यार्थिनी होती. वेगळ्याच नंबरावर गायलेली. तिला मी ओळखलंच नव्हतं.

बाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, सरांची पोरगी पहिली आली, पण कुणी बोट दाखवू शकत न्हाई. पडदा होता ना मधी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हकीकत सांगतो ती इथपर्यंतच, आणि तीही थांब्याचं नि कमी गुणांचं गाळून.

चहाच्या वेळी एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जळकोटची, उदगीरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, बाईंची विद्यार्थिनी. वडील भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गायन पार्टीबरोबर गायचे, तिथंच बाईंनी तिचा आवाज हेरला होता. दुसरी आली होती ती. मला म्हणाली, "सर, मी तुमच्या शिबिराला होते. मागच्या रांगेत. तुम्ही समेआधी थांबता ते तिथंच धरलं. आज नीट आलं न्हाई का? कुठं चुकलं?"

शेजारी दुसरे परीक्षक होते. ते मध्येच म्हणाले, "हीच का ती? अरे, ही पहिली कशी आली नाही, मला कळेना." ती माझ्याकडे बघत होती. मला काहीतरी सांगायलाच हवं होतं. मी म्हणालो, "समेआधी थांबू नकोस. लय ढिली पडते. ते सोडून दे."

"हाव सर," ती म्हणाली. तक्रार नाही, डोळ्यांत पाणी नाही. शिक्षकानं सांगितलेलं नीट समजून घेतल्यासारखी मान हलवली आणि गेली.

परतीच्या बसमध्ये माझी विद्यार्थिनी शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, आज थांबा का घेतला नाहीस? ती म्हणाली, "मुद्दाम न्हाई घेतला सर. तुम्ही ओळखलं असतं ना. मग पडद्याला काय अर्थ?" माझ्यापेक्षा त्या पोरीला पडदा जास्त कळला होता. ती गायलीही उत्तमच होती, पुण्याचं वर्ष तिनं वाया घालवलं नाही. म्हणूनच गुणांचं कुणाला सांगणं आणखी अवघड झालं. खरं सांगितलं तर तिचं यश डागाळणार, बाईंचा पडदा डागाळणार. मी या दोन कारणांमागं लपलो. माझं नावही त्यात होतं, हे तिसरं कारण मी स्वतःलाही सांगत नसे.

जळकोटच्या मुलीचं कॉलेज संपलं, म्हणजे स्पर्धाही संपली. पुण्याची संधी गेली. पण ती थांबली नाही. रविवारी रविवारी बसनं लातूरला बाईंकडे येत राहिली. परीक्षा दिल्या. आता ती उमरीला एका शाळेत संगीत शिकवते आणि संध्याकाळी कॉलेजची पोरं-पोरी तिच्या घरी जमतात. तंबोरा एकच आहे, तो पोरींच्या हातात असतो. ती स्वतः मोबाइलवरचा तंबोरा लावून गाते. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलानं चादरी हिच्याकडे आणून दिल्या. तेव्हापासून स्पर्धा नांदेडला असो की लातूरला, पडदा तीच बांधते. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या घरच्या पालकानं निकालावर शंका घेतली, तेव्हा शांतपणे म्हणाली, "दादा, या पडद्यामागून सरांनी स्वतःच्या पोरीलाबी ओळखलं न्हवतं." पालकानं मान हलवली. मी पुढच्या खुर्चीवर होतो. मीही मान हलवली.

त्याच दिवशी तिची एक विद्यार्थिनी भीमपलास गायली. सुरेख गायली. मुखडा सरळ समेवर येत होता, स्वच्छ, कुठंही न थांबता. हॉलमध्ये त्यात काही कमी आहे असं फक्त मला वाटलं असेल.

कार्यक्रम संपल्यावर तिची गुरू पडदा सोडत होती. मला पाहून हसली. "जय भीम, सर. कशी गायली पोरगी?"

"जय भीम. फार चांगली."

"तुम्ही मला सांगितलं होतं ना, ते मी आजबी पोरींना सांगते. समेआधी थांबायचं न्हाई." मग चादरीचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "धरा जरा, घडी घालू."

मोठी चादर दोघांनी घडी करायची म्हणजे प्रत्येक घडीला एकमेकांच्या जवळ यावं लागतं. ती जवळ येत होती, टोकं जुळवत होती, मागं सरत होती, पुन्हा येत होती. माझ्याजवळ वाक्य तयार होतं. किती वर्षांचं तयार होतं. शेवटच्या घडीला ती अगदी समोर आली, तिच्या हातातली टोकं माझ्या हातात आली.

"घडी नीट झाली," मी म्हणालो.

"हाव सर," ती म्हणाली, आणि चादर काखेत घेऊन पोरींना हाका मारत निघून गेली. मला म्हणायचं होतं ते असं: पोरी, त्या दिवशी तुझा थांबा बरोबर होता, माझ्यापेक्षाही बरोबर होता. चुकलो मी. पुन्हा थांबायला लाग, पोरींनाही शिकव, आणि जमलं तर मला माफ कर.