रहबराचा अर्थ

तुम्ही दोघं मला फोनवर गोड आजी म्हणता आणि मी ते ऐकून घेते. पण तुमच्यासाठी जे लिहून ठेवायचं ते क्रमाने आणि खरं लिहायचं, असं मी ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. गेल्या हिवाळ्यात मी एका माणसावर सूड उगवला. महिनाभर वाट पाहून उगवला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तुमचा बाबा परदेशी गेला तेव्हा त्याची गिटार माळ्यावर ठेवून गेला होता. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी ती खाली काढली. मानवतला तारा मिळाल्या नाहीत, त्या परभणीहून आणल्या. रोज सकाळी दहा ते अकरा व्हिडिओ पाहून शिकले. बोटांना घट्टे पडले. एफ कॉर्ड मात्र काही केल्या बसेना. त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असतं, आणि माझं ते बोट सकाळी चहाचा कपसुद्धा कुरकुरत धरतं.

आपल्या जिल्ह्यातल्या हौशी गिटारवाल्यांचा एक ऑनलाइन गट आहे. दर रविवारी संध्याकाळी लाइव्ह गायचं, आणि गाणं स्वतः केलेलंच पाहिजे, हा त्यांचा एकमेव नियम. पालमचे एक औषधदुकानदार आहेत. ताडकळसची एक शिक्षिका गच्चीवर बसून गाते, तिच्या मागून मोटारसायकली जात असतात. गटाचे प्रमुख म्हणजे आपल्याच गावचे, शेतीखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचा हात चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मी पहिलं गाणं केलं ते तुमच्यावर. तुम्ही एका डिसेंबरात आला होतात. दादा पाच वर्षांचा, छोटी अडीच वर्षांची. शेताच्या बांधावर बसून मी तुम्हाला ओला हरभरा सोलून देत होते, त्याच्या पानांवरच्या आंबेने तुमचे हात खारट-आंबट झाले होते. छोटीला हरभरा म्हणता येईना, ती ‘रहबरा’ म्हणायची. घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या त्या फुगीर हिरव्या शेंगेत, दोन दाणे निघाले की ती म्हणायची, “हा दादा, ही मी,” आणि दोन्ही दाणे स्वतःच खायची. गाण्याचं धृपद असं आहे:

खारट-आंबट हात तुझा, रहबरा
सोलता सोलता दिस सरला, रहबरा
एका घरात दोघं जण, रहबरा
दार उघडून बघू जरा, रहबरा

चौथ्या ओळीवर ती एफ कॉर्ड येते. तिच्याऐवजी दुसरं काही चालेल का, हे विचारायला मी वहीच्या पानाचा फोटो आणि माझ्या आवाजातलं गाणं सरांना पाठवलं. “ताई, जरा घासूनपुसून देतो,” असं ते म्हणाले.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सर स्क्रीनवर आले, डोळे मिटले आणि म्हणाले, “आज एक नवी रचना. शब्द आणि चाल माझीच.” मग त्यांनी तुमचं गाणं म्हटलं. चार कडवी, एकही शब्द न बदलता. खाली वाहवांचा पाऊस.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. ते गडबडले नाहीत.

“ताई, गाणं कुणाचं नसतंय. तुमच्याकडं ते कच्चं होतं, मी पिकवलं.”

“एक शब्द तरी बदललात का, सर?”

“आता या वयात तुमाला नाव करून कुटं जायचंय?”

मी फोन ठेवला. त्या दिवशी दहाची गिटार अकराला घेतली.

शेजारच्या वहिनींना सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “बाई, टाका की ते वहीचं पान गुरपवर. दोन मिन्टात उघडा पडंल.”

“पाठवल्याची तारीख दाखवली तरी ते म्हणतील, कच्चं होतं, मी पिकवलं.”

“मग काय, गप बसायलाव?”

“घाटे भरेपर्यंत.”

तेव्हा शेतात हरभरा नुकता फुलावर होता.

मला एक गोष्ट कळली होती. त्या माणसाला गाणं मिळालं होतं, पण शब्द कळला नव्हता; वहीच्या पानावर हरभऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ‘रहबर’ म्हणजे उर्दूत वाटाड्या. निजामाच्या मुलुखातले आपण, असे शब्द आपल्या कानांवर असतात, त्यामुळे त्यांना शंकाच आली नसणार. पुढच्या रविवारी मी कॉमेंटमध्ये फार नम्रपणे लिहिलं, “सर, रहबरा म्हणजे काय, विस्ताराने सांगाल का?”

त्यांनी सांगितलं. रहबर म्हणजे मार्ग दाखवणारा सद्गुरू. त्याला मारलेली हाक म्हणजे रहबरा. हात खारट-आंबट, कारण त्यावर भक्ताचे अश्रू पडले आहेत.

त्याच्या पुढच्या रविवारी मी सोलण्याचा अर्थ विचारला. अहंकाराची सालं सोलायची, असं उत्तर आलं. तिसऱ्या रविवारी विचारलं, “आणि एका घरातले दोघं जण?” सरांनी चष्मा काढला. “जीव आणि शिव,” ते म्हणाले. “हे लिहिताना मी स्वतः रडलो.”

प्रत्येक उत्तर मी वहीत उतरवून ठेवलं. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाचं डिक्टेशन घेतलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. शेजारच्या वहिनी सकाळीच शेतातून हरभऱ्याचे डहाळे उपटून घेऊन आल्या होत्या. मी खादीची साडी नेसले, फोन पुस्तकांच्या चवडीवर उभा केला, आणि गिटारऐवजी मांडीवर डहाळे घेतले.

“आज गाण्याआधी एक आवाज ऐकवते,” मी म्हणाले आणि जुन्या फोनवरचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यात मी म्हणते, “हरभरा म्हण.” छोटी म्हणते, “रहबरा.” मी पुन्हा म्हणते, “ह-र-भ-रा.” ती चिडून म्हणते, “आजी, रहबरा दे ना.”

मी एक घाटा कॅमेऱ्याजवळ धरला आणि अंगठ्याने फोडला. आत दोन दाणे होते. तशी मी दहा-बारा घाटे चाचपून तो निवडूनच ठेवला होता. “हे एका घरातले दोघं जण,” मी म्हणाले. “माझा नातू आणि माझी नात. सर, तुम्ही जन्मभर शेतकऱ्यांना घाटेअळीवर व्याख्यानं दिलीत. घाट्याला बाहेरून भोक पाडून आतला दाणा खाणारी अळी कशी ओळखायची, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

मग ताडकळसच्या गच्चीवरून आवाज आला, “सर, मंग जीव आन् शिव कुटं गेले हो?” पालमचे औषधदुकानदार तोंडाला रुमाल लावून स्क्रीनच्या बाहेर सरकले. सरांनी “नेट जायलंय, नेट...” म्हटलं आणि त्यांची चौकट काळी झाली.

मग मी गिटार घेतली आणि गाणं म्हटलं. एफ कॉर्ड आली तेव्हा चुकले. चुकले तरी गाणं माझं होतं.

तो व्हिडिओ गावभर फिरला. त्या आठवड्यात बाजारात भाजीवाली सरांना म्हणाली म्हणे, “साहेब, ताजा रहबरा हाय, देऊ का?” हे वहिनींनी मला येऊन सांगितलं, आणि मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं.

बुधवारी सरांचा फोन आला. आवाज बसला होता. “ताई, माझं चुकलं. मी व्हिडिओ काढून टाकतो. तुमी पण तुमचा काढा. घरी सून विचारायलीय.”

क्षणभर मला त्यांची कीव आली. मग “या वयात तुमाला नाव करून” आठवलं.

“तुमचा काढायचा नाही,” मी म्हणाले. “तो राहू द्या. त्याच्याखाली लिहा की गाणं माझं आहे, आणि रहबरा म्हणजे हरभरा.”

“एवढ्यावर तरी तुमी तुमचा काढताल ना?”

“नाही.”

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांनी ती ओळ लिहिली.

छोटे, हा शब्द तुला आता आठवत नाही, हे मला तू त्याआधीच फोनवर सांगितलं होतंस. म्हणूनच तो दुसऱ्या कुणाला देणं मला शक्य नव्हतं. दर रविवारी गिटार हातात घेण्याआधी मी ती ओळ अजून तिथे आहे का ते पाहते. आज सकाळीही पाहिली. आहे.